ताईच्या खिडकीतलं धुरकं

५ ऑगस्ट

ताई, नमस्कार.

परवा तू फोन आपटलास, त्यामुळे माझं निम्मं बोलणं तारेतच राहिलं. ते आता लिहून पाठवते. पत्राची ही एक सोय बरी, तुला मध्येच तोडता येत नाही.

तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. लाँड्री विकली की मी सामानासकट तुझ्याकडे राहायला येणार, असं ठरलं होतं. हे गेले त्या वर्षी मीच तसं म्हणाले होते. तू वरच्या खोलीला रंग दिलास, पडदे शिवून घेतलेस. आणि मी काय केलं, तर छप्पन्नाव्या वर्षी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. ‘इस्त्री करता करता डोकं भाजलं का तुझं?’ हे तुझं शेवटचं वाक्य मात्र मला पूर्ण ऐकू आलं, काळजी नसावी.

ताई, इतकी वर्षं मी दुकानाच्या मागच्या मोरीतून फेस जाताना पाहिला. पांढरा, निळा, कधी कोणाच्या नव्या सदऱ्याचा लाल. तो मोरीतून गटारात जातो, गटारातून ओढ्यात, एवढं माहीत होतं. पुढं त्याचं काय होतं असं ह्यांना विचारलं की ते म्हणायचे, ‘गेला ना? मग झालं.’ त्यांचं व्हायचं, माझं कधी झालं नाही. दुकानाच्या किल्ल्या नव्या मालकाच्या हातात दिल्या आणि घरी न जाता तशीच विद्यापीठाच्या चौकशीच्या खिडकीपुढं जाऊन उभी राहिले.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, शिकवणाऱ्या बाई आल्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा बिचारी परत खाली बसली. आता सगळी मला काकू म्हणतात. सरही काकूच म्हणतात. ते माझ्या निम्म्या वयाचे आहेत, आणि शर्टाची कॉलर त्यांना नीट इस्त्री करता येत नाही. मी अजून तरी गप्प आहे.

तीन वर्षांचा प्रश्न आहे, ताई. खोली ठेवशील ना?

तुझी,
ठमी

१६ ऑगस्ट

चि. ठमीस आशीर्वाद. निम्मे हातचे राखून ठेवले आहेत. तू कशी वागतेस ते बघून देईन.

पहिली गोष्ट, यापुढे फोन करायचा नाही. फोनवर आपलं भांडण होतं, आणि माझा आवाज बाहेर फाटकापर्यंत जातो. फोन फक्त जन्म आणि मरण कळवायला. आपल्या दोघींच्या घरात जन्माला यायला आता कोणी उरलेलं नाही, तेव्हा वाजलाच तर काय ते समजून घेईन.

दुसरी गोष्ट. तीन वर्षांचा प्रश्न आहे म्हणतेस. तुझ्यासाठी ती तीनच असतील. मी अडुसष्टची आहे. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून माझा जन्म गेला. शंभर पोरींच्या गोंगाटात झोपायची सवय लागलेल्या बाईला निवृत्त झाल्यावर घर खायला उठतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तू येणार म्हणून मी दिवस ढकलत होते. आता फेस कुठं जातो ते बघायला तू निघालीस. मी कुठं जाऊ?

खोलीचं मी काही ठरवलेलं नाही. शेजारची शिंपीण दोन मशीन ठेवायला जागा शोधते आहे. तिनं विचारून ठेवलंय.

बाकी ठीक. रोज सकाळी अंगण झाडते, आईच्या शिस्तीनं. हल्ली इथं सकाळी धुरकं असतं. समोरच्या पाण्याच्या टाकीवरचे आकडे दिसत नाहीत. तुझ्या शास्त्रात त्यावर काही उपाय असेल तर कळव. नाहीतर शिकून उपयोग काय?

ताई

४ सप्टेंबर

ताई, नमस्कार, आणि आधी हसून घे.

आम्हाला प्रत्येकाला विद्यापीठाच्या मागच्या पडीक जागेत एकेक चौकोन दिला आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. चार कोपऱ्यांना खुंट्या, भोवती दोरी. त्यात काय उगवतं, काय रांगतं, काय मरतं, ते वर्षभर बघायचं आणि लिहायचं. एवढाच अभ्यास. सर म्हणाले, सोमवारी मी प्रत्येकाचा चौकोन बघायला येईन.

आता तूच सांग. आई काय सांगायची? माणूस दारात यायच्या आधी अंगण झाडलेलं हवं. मी रविवारी झाडू घेऊन गेले. गवत उपटलं, वाळका पाला काढला, मुंग्यांनी मातीचा ढीग केला होता तो सारखा केला, वरून पाणी शिंपडलं. असा लख्ख चौकोन, ताई, की तू बोट फिरवलं असतंस तरी धूळ लागली नसती!

सर आले. बाकीच्यांच्या चौकोनांत गुडघ्याएवढं रान. माझ्यापाशी ते उकिडवे बसले, मातीवर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, “काकू, इथं काय होतं?”

मी म्हणाले, “कचरा.”

पोरं पोट धरून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, किल्ल्या परत मागाव्यात आणि बसावं पुन्हा चादरी उकळत. पण सर हसले नाहीत. ते म्हणाले, आता काय काय परत येतं आणि आधी कोण येतं ते लिहा, बाकीच्यांना ते बघायला मिळणार नाही. काल एक पान आलं. शिवणाच्या टाक्याएवढं. मला ते बघून इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आणि तुझं धुरकं! ते मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, हवेत बारीक कण साचले की असं होतं. टाकी किती दूर आहे? फाटक, विजेचा खांब, टाकी, यातलं कुठपर्यंत स्वच्छ दिसतं ते रोज बघशील? ही खरीखुरी पद्धत आहे, ताई. मला तुझ्या गावच्या हवेवर वर्गात बोलायचं आहे. तू बघ, मी लिहीन. आपण दोघी मिळून.

रागावली आहेस का अजून? एवढं मोठं अक्षर काढलंस. एका पानात जेमतेम दहा ओळी. कागदावरही ओरडतेस होय?

ठमी

२१ सप्टेंबर

चि. ठमीस आशीर्वाद, यावेळी पाऊण.

अंगण झाडलं म्हणून हसणारी ती पोरं कुठल्या घरात वाढली आहेत? माझ्या वसतिगृहात असती तर दोन दिवसांत सरळ केली असती. तू केलंस ते बरोबर केलंस. तरी ते पान उपटू नकोस, मास्तर म्हणतोय तर.

मोठी बहीण आहे, मोठं अक्षर काढणारच.

तू सांगितलंस तसं रोज सकाळी चहा झाला की खिडकीशी बसते. लिहून घे. सोमवारी फाटक स्वच्छ, खांब बरा, टाकी नाही. मंगळवारी तसंच. बुधवारी खांबही धुरकट. गुरुवारी मी मुद्दाम दुपारी बघितलं, दुपारीही आहे. शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले, तर प्रत्येक दिव्याभोवती कडं. शिंपीण म्हणते, “कुठंय धुरकं? मला तर ऊन लख्ख दिसतंय.” पण तिचं काय सांगतेस, ती दिवसभर सुईच्या नेढ्यात बघते. तिला लांबचं काय कळणार?

हे काम मला बरं वाटतं. सकाळी उठायला कारण मिळतं. अजून काय बघायचं असेल तर कळव.

पायरीवर अंगठा ठेचला आहे. दिवे पण हल्ली असले मेले मिणमिणते निघतात, घासून पुसून लावले तरी उजेड म्हणून पडत नाही.

ताई

९ ऑक्टोबर

ताई,

तू तर सोन्याची खाण निघालीस! दुपारीही आहे म्हणजे हे साधं धुकं नव्हे. जवळ कुठं भट्टी निघाली आहे का? कोणी रोज कचरा जाळतं का? वारा कुठल्या बाजूनं येतो? आणि हे फार महत्त्वाचं, घरात शिरतं का? खिडक्या लावून बघ आणि भिंतीवरचं घड्याळ कसं दिसतं ते कळव. तोंडावर ओला रुमाल बांधत जा.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मी वर्गात बोलणार आहे. तक्ता केला आहे, रंगीत. फाटकाला हिरवा, खांबाला पिवळा, टाकीला लाल. पोरं आता मला हसत नाहीत. कोणाच्याच ताईकडे असं धुरकं नाही!

माझ्या चौकोनात पाच पानं झाली. मुंग्यांनी ढीग परत घातला, होता त्याच जागी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. मला तुझी आठवण आली. राग मानू नकोस.

ठमी

२४ ऑक्टोबर

ठमे, आशीर्वाद. पूर्ण.

खिडक्या लावल्या.

घरातही आहे. घड्याळाचे काटे दिसत नाहीत, टोले मोजते.

डावीकडे जास्त. उजवीकडे कमी.

रुमाल बांधला. फरक नाही.

आता फाटकही धुरकट.

भट्टी नाही. शिंपिणीनं फिरून बघितलं.

तक्ता छान कर. माझं नाव घालू नकोस, ‘रेक्टर’ असं घाल.

ताई

३ नोव्हेंबर

ताई,

आज हसण्यासारखं काही नाही.

काल मी वर्गात बोलले. तक्ता भिंतीवर लावला, काठी घेतली, भट्टी नसताना घरात धुरकं कसं शिरत असेल यावर चांगली ऐटीत बोलले. पोरांनी प्रश्न विचारले. सर मागच्या बाकावर, माझ्या जागेवर बसले होते. ते म्हणाले, “काकू, हे धुरकं शेजाऱ्यांना दिसतं का?”

मी म्हणाले, “नाही, शेजारच्या शिंपिणीला नाही दिसत.”

“डावीकडे जास्त म्हणजे वाऱ्याच्या बाजूला का?”

मी म्हणाले, “ते ताईनं लिहिलं नाही.”

मग त्यांनी विचारलं, “ताईंचं वय काय?” आणि तुझी पत्रं बघायला मागितली. त्यांनी ती टेबलावर एकाशेजारी एक मांडली. ऑगस्टचं, सप्टेंबरचं, ऑक्टोबरचं. अक्षर कसं फुगत गेलंय ते सगळ्या वर्गाला दिसलं. मला मात्र ती पत्रं घरी आली तेव्हा त्यात तुझा राग दिसला होता. सर उठून माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, “काकू, हवा तपासायच्या आधी ताईंचे डोळे तपासून घ्या. माझ्या वडिलांना असंच व्हायचं. मोतीबिंदू असेल.”

काठी हातातच राहिली, ताई. पोरांपैकी कोणीही हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा. माझी सख्खी बहीण आंधळी होत चालली होती आणि मी इथं बसून तिला वारा कुठल्या बाजूचा ते विचारत होते. तुझा अंगठा ठेचला, तू टोले मोजत होतीस, आणि मी त्याला रंग देत होते, हिरवा, पिवळा, लाल. मला माझी शरम वाटते. फोन उचलला होता, पण तो वाजला की तू काय समजशील ते आठवलं आणि खाली ठेवला.

मी नाव काढून घेते आहे. अर्ज लिहून ठेवलाय. येत्या आठवड्यात सामान बांधून येते. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, ती गेली खड्ड्यात. कसलं डोंबलाचं पर्यावरण शिकायचं, ज्या बाईला समोरचं दिसत नाही तिनं?

खोली शिंपिणीला दिली असशील तर ओसरीवर झोपेन.

ठमी

८ नोव्हेंबर

चि. ठमीस आशीर्वाद.

हे अक्षर शिंपिणीचं आहे. सांगते मी, लिहिते ती. मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही असं बजावलं आहे. (मी घालणार नाही. पण नमस्कार तर घालू? नमस्कार. — शिंपीण)

अर्ज फाड. आधी फाड, मग पुढचं वाच.

फाडलास?

आता ऐक. डोळ्यांचंच काहीतरी आहे हे मला सप्टेंबरमध्येच कळलं होतं. मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण तू इतक्या हौसेनं धुरक्याचं विचारलंस, आपण दोघी मिळून असं लिहिलंस, की म्हटलं राहू दे धुरकंच. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. तू रोजचं फाटक मागितलंस, खांब मागितलास. डोळे म्हटलं असतं तर तू लगेच धावत आली असतीस आणि जन्मभर इथं बसून मोरीकडं बघत राहिली असतीस. तू यावीस असं मला वाटतं, खूप वाटतं. पण अशी नको. (रेक्टरबाई इथं थांबल्या. पाणी प्यायल्या. — शिंपीण)

ही लिहिते आहे ते पुसून टाक म्हटलं तरी पुसत नाही. पेन आहे म्हणते.

डॉक्टरांना दाखवून आले. मोतीबिंदूच आहे, दोन्हीकडे, डावा जास्त पिकला आहे. घाई नाही म्हणाले, जानेवारीत करू. तोवर शिंपीण सकाळ-संध्याकाळ येते. तेव्हा तुझी परीक्षा व्हायच्या आत तू माझ्या दारात उभी राहिलीस, तर मी दार उघडणार नाही. आणि मला दिसत नसल्यामुळे, कोण होतं ते कळलंच नाही असं खुशाल सांगेन.

(त्या खरंच उघडणार नाहीत. मी ओळखते. तुम्ही परीक्षा द्या. मी आहे. — शिंपीण)

ताई

१७ नोव्हेंबर

ताई,

फाडला. तुकडे चौकोनात पुरले. सरांना विचारलं, कागद मातीत जायला किती दिवस लागतात, तर म्हणाले, बघा आणि लिहा. हा माणूस कशाचं म्हणून सरळ उत्तर देत नाही.

अभ्यास करते आहे. पण तुझ्यावरून लक्ष हटत नाही. पुस्तकात पाण्याच्या गढूळपणाबद्दल वाचलं तरी तुझे डोळेच दिसतात. जानेवारीत ऑपरेशनच्या वेळी मी तुझ्याजवळ असणार, यात मध्ये बोलायचं नाही. परीक्षा संपली की सुट्टी आहे, लगेच निघते.

शिंपीणबाई, हे तुम्ही वाचून दाखवत असाल. तुमचे उपकार मी कुठं ठेवू? खोली तुम्हाला हवी असेल तर घ्या. मी मनापासून सांगते. आणि पायरीला पांढरा पट्टा मारून घ्या, म्हणजे तिला कड कळेल.

ठमी

१३ डिसेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद, शिल्लक होते नव्हते तेवढे सगळे.

अक्षर बघ. माझं आहे. मोजून बघ एका पानात किती ओळी बसल्या ते.

डावा डोळा झाला. तुझी परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी केला. जानेवारी म्हणाले ते मी, डॉक्टर नव्हे. शिंपिणीला शपथ घातली होती. तुला सांगितलं असतं तर तू उत्तरपत्रिकेवर देवाचं नाव लिहून उठून आली असतीस. आता आदळआपट करू नकोस, उजवा बाकी आहे, तो खरंच जानेवारीत. तेव्हा ये आणि हवी तेवढी काळजी कर, मी आडवी येणार नाही.

पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा शिंपीण दिसली. मला वाटायचं त्यापेक्षा ती म्हातारी आहे. घरी आल्यावर खिडकीत बसले. लिहून घे, तुझ्या तक्त्यातलं शेवटचं. फाटक स्वच्छ. खांब स्वच्छ. टाकी स्वच्छ. मध्येच कधीतरी त्यांनी ती हिरवी रंगवली आणि मला पत्ताही नाही.

तुझी सगळी पत्रं पुन्हा स्वतः वाचली. शिंपीण वाचून दाखवायची तेव्हा मधला काही मजकूर ती भराभर उरकायची. ‘मला माझी शरम वाटते’ हे तिनं वाचलंच नव्हतं. ते मी आज वाचलं. वेडी आहेस. धुरकं आहे असं मी लिहिलं, तू विश्वास ठेवलास. बहिणीनं बहिणीवर विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं?

आता खरी गोष्ट. ती सांगायला हे पत्र लिहिते आहे.

काल मागच्या अंगणात गेले. या सगळ्या महिन्यांत मी ते रोज झाडत होते, आणि माझी समजूत अशी की ते आरशासारखं आहे. हौदाच्या पलीकडचा डावीकडचा कोपरा मला दिसतच नव्हता. माझा झाडू तिथपर्यंत पोचतच नव्हता. तिथं रान माजलंय, ठमे. वीतभर गवत, त्यात नखाएवढी पिवळी फुलं. एक कसलीशी वेल कपड्यांच्या दोरीवर चढून बसली आहे. खाली मुंग्यांचा ढीग. पाठीवर ठिपके असलेला एक किडा पानावर बसला होता, माझ्याकडे न बघता. रेक्टरच्या अंगणात, रेक्टरच्या नाकाखाली!

मी तडक झाडू आणला. वाकले. आणि तुझ्या त्या मास्तरचं वाक्य आठवलं, काकू, इथं काय होतं? मला उद्या कोणी असं विचारलं, तर मी काय सांगणार होते? मला एकाचंही नाव येत नाही.

झाडू परत जागेवर ठेवला. निरोपाच्या वेळी वसतिगृहानं मला चमचे दिले होते ना, डबीत जपून ठेवलेले, त्यातले चार काढले आणि चार कोपऱ्यांना रोवले. शिंपिणीकडून दोरा आणून भोवती बांधला. तिला वाटतं ऑपरेशन डोक्याचं झालं. वाटू दे.

तिची दोन्ही मशीन खालच्या ओसरीवर मांडली आहेत. दिवसभर खडखडाट असतो, मला झोप छान लागते. वरची खोली कोणाला दिली नाही, देणारही नाही. तीन वर्षं लागू देत नाहीतर चार.

परीक्षा संपली असेल. निघ आता, आणि येताना नावांचं पुस्तक आण. तू येईपर्यंत खोली रोज झाडते. कोपरा झाडत नाही.

तुझी,
ताई